शब्दाचं उद्यापन

मागच्या श्रावणात मेघा पठारावरून उतरली ती घरी आलीच नाही, थेट दवाखान्यात गेली. नऊ दिवस तिथं होती. वाऱ्यानं तंबू मोडला, उजाडेपर्यंत पावसात बसून राहिले, न्यूमोनिया झाला, एवढंच तिनं मला सांगितलं. तंबू तिच्या मैत्रिणीकडून, श्रेयाकडून, मागून आणलेला होता. मी सगळा दोष त्या तंबूवर टाकून मोकळी झाले. उसनी आणलेली वस्तू, कुठली घेतलेली कुणास ठाऊक, असं वर्षभर म्हणत राहिले. मेघा ऐकून घ्यायची. "आई, तंबूचा दोष नव्हता," असं एकदाही म्हणाली नाही.

यंदा आषाढ संपता संपता तिनं पुन्हा विषय काढला. मी वाती वळत बसले होते.

"आई, श्रावणात पाच दिवस पठारावर जावं लागेल. मागचं काम अर्धवट राहिलंय. यंदा नाही झालं तर प्रबंध आणखी एक वर्ष लांबतो."

मी हातातली वात पुरी केली. मग म्हटलं, "जा. पण तंबू मी निवडणार."

ती हसली. "तू? तुळशीची कुंडी कुठं ठेवायची हे ठरवायला तुला अख्खा चातुर्मास लागतो."

"म्हणूनच म्हणते. घाईत आणलेल्यानं काय होतं ते मागच्या वर्षी पाहिलं."

मेघा विद्यापीठात वनस्पतिशास्त्रात संशोधन करते. कन्नड गावाच्या पुढं एक उघडं पठार आहे, तिथं गवतात एक वेल येते. तिला कंदीलपुष्प म्हणतात. फूल खरंच कंदिलासारखं, आणि आत बारीक केस. माशी आत शिरली की ते केस तिला परत फिरू देत नाहीत. फूल मलूल झालं की मगच सुटका. कोणती माशी, किती वाजता, किती वेळ, हे मेघा वहीत लिहिते. फुलं पहाटे उमलतात, म्हणून उजाडायच्या आत वेलीपाशी बसावं लागतं, आणि म्हणून तिथं मुक्काम. आंघोळीची सोय नाही, गरम जेवण नाही, बोलायला माणूस नाही. ती त्याला अभ्यास म्हणते. मी जन्मभर नेमधर्म केलेली बाई. मला ते व्रतच वाटतं. म्हणून तिला नको म्हणायचं माझ्या जिवावर येतं.

पण तिच्याकडून मी एक शब्द घेतलेला होता, तो इथं सांगितला पाहिजे.

माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. पावसाचे दिवस होते. पुंडलिकनगरच्या आमच्या घराचं छत तेव्हा गळायचं. आमच्या खोलीत पलंगाच्या उशाशीच धार लागली, म्हणून यांनी एकट्यानं पलंग ओढून फिरवला. फिरवला तो असा की पाय दक्षिणेला झाले. सकाळी हे उठलेच नाहीत. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. दक्षिण ही यमाची दिशा. तिकडं पाय करून आपल्यात फक्त गेलेल्या माणसाला ठेवतात. मी ते लहानपणापासून पाळत आलेली, आणि माझ्याच घरात, माझ्याच पलंगावर ते मोडलं गेलं. दिवसकार्य उरकलं, तशी मी मेघाला देवापुढं बसवलं आणि तिचा हात हातात घेऊन म्हटलं, "कुठंही जा, कुठंही राहा. पण दक्षिणेला पाय करून कधी झोपणार नाहीस असा शब्द दे." तिनं दिला. विज्ञान शिकलेली मुलगी, एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तेव्हा मला ते बरं वाटलं होतं.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी रिक्षानं शहागंजला गेले. मेघा विद्यापीठात होती. तिनंच दुकान सांगितलं होतं. "कडुबाकाकांकडं जा. ताडपत्रीवाले आहेत, पण आता तंबूपण ठेवतात. माणूस बघून देतात."

कडुबा साठीच्या पुढचे. फुलंब्रीहून रोज बसनं येतात, असं बोलता बोलता कळलं. दुकान कसलं, ताडपत्र्यांच्या घड्यांच्या मधली एक फट. तिच्यात ते आणि त्यांचं पायाचं शिलाई मशीन.

"या ताई. ताडपत्री द्यायची का?"

"तंबू बघायचाय. लहान, एका माणसाचा. वारा आणि पाऊस दोन्ही लागणारेत."

"कुणाला?"

"मुलीला."

त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं. "मग बसा. घाईचं काम नाय हे."

मला तो माणूस तिथंच आवडला.

त्यांनी आधी काड्या दाखवल्या, तंबू ज्यांच्यावर उभा राहतो त्या. "ही फायबरची. स्वस्त असती. वारा आला की मोडती, अन् मोडलेलं टोक कापडात घुसतं. ही ॲल्युमिनियमची. वाकंल, पण उभी राहील." मग वरचं कापड. ते पार जमिनीला टेकायला पाहिजे, नाहीतर खालून वारा शिरतो आणि पाऊस उलटा आत उडतो. मग शिवण. त्यांनी एका तंबूच्या शिवणीवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि म्हणाले, "आता खालून तोंड लावून फुंका. बुडबुडे आले तर तिथनं गळणार."

माझा सोमवार होता. बाजारातल्या कापडाला तोंड लावायला मन धजेना.

"फुंकल्यानं उपास मोडतो व्हय?" ते हसले. "खायाचं नाय ताई, फुंकायचंय."

मी पदर सावरून फुंकलं. एकही बुडबुडा आला नाही. आतून पट्टी चिकटवलेली होती. मला अगदी लहान मुलासारखा आनंद झाला.

शेवटी दोन तंबू उरले. एक लांबट, पायाकडं निमुळता होत गेलेला, डोक्याकडं जरा उंच. हलका, पिशवीत घातला तर काखेत मावेल. दुसरा गोलसर, चारी बाजूंनी सारखा, उंचीला जास्त आणि वजनाला दुप्पट.

"हा घ्या," कडुबांनी निमुळत्यावर हात ठेवला. "याचं बारीक टोक वाऱ्याकडं करायचं. त्यात पायच मावतात, डोकं नाय. वारा त्याच्या पाठीवरनं निघून जातो. लहान तंबू म्हंजे वाऱ्याला धरायला कापडच कमी. फक्त आडवा लावायचा नाय. आडवा लावला की फुगतो, अन् मग काय खरं नाय."

माझं लक्ष गोल तंबूकडं होतं. "यात डोकं कुठंही करून झोपता येईल, नाही का?"

"येईल की. पण पोरगी एकटी चढणार, पाठीवर सामान. अन् उंच हाय हा, वारा धरतो. तुम्हाला डोक्याचं एवढं काय पडलंय?"

"सहज विचारलं. कन्नडच्या पठारावर जायचंय तिला, तिथं..."

कन्नडचं नाव काढताच ते मोठ्यानं हसले. "डोकं कुठं अन् पाय कुठं! मागल्या साली एक पोरगी आली होती ताई, त्याच पठारावरनं. असाच निमुळता तंबू, फाटलेला घेऊन. ते कापड ठेवलंय मी अजून, ठिगळाला कामी येतं."

त्यांनी मागच्या घडीतून करड्या रंगाचं कापड ओढून माझ्यापुढं पसरलं. श्रेयाचा तो तंबू मी त्याआधी कधी पाहिलाच नव्हता. एका लांब बाजूनं तो टोकापासून टोकापर्यंत उसवला होता.

"बघा. सगळी बाजू गेली. म्हंजे वारा आडवा घेतला. मी तिला म्हणलं, एवढी शिकलेली तू, तंबू आडवा लावती व्हय? तर म्हणती, काका, मला माहीत होतं. मी आधी सरळच लावला होता. पण तिथं वारा दरीतनं येतो, दक्षिणेकडनं. सरळ लावला की माझे पाय दक्षिणेला होत होते, अन् मी आईला शब्द दिलाय. म्हणून फिरवला." ते मान हलवत हसले. "मी म्हणलं, आई हाय का फौजदार? तर म्हणती, नाय हो, लई हळू बोलती. पण तिला हे कळू द्यायचं नाय, कळलं तर ती अन्न सोडील."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. मी त्या कापडाच्या उसवलेल्या कडेवरून बोट फिरवत बसले.

"ताई, पाणी देऊ का? उपासाचं चक्कर येत असंल."

"कडुबाभाऊ, मीच ती आई."

त्यांचं हसू गेलं. उगाच मशीनचं चाक एकदा फिरवलं, थांबवलं. मग खाली बघत म्हणाले, "माफ करा. मला काय ठाव." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "आमच्या घरी बुद्धवंदना असती ताई. दिशाबिशा आमच्यात नाय. पण पोरीनं शब्द पाळला, त्याला मी नाव ठेवणार नाय. ह्या साली ती काय करती, तेवढं तुम्ही बघा."

मी तंबू न घेताच घरी आले.

मेघा संध्याकाळी आली, हातपाय धुऊन चहा टाकायला ओट्याशी उभी राहिली. मी दारातूनच विचारलं, "तंबू तू मुद्दाम आडवा लावलास?"

तिनं गॅस बंद केला. "काकांनी सांगितलं वाटतं."

"वर्षभर मी त्या तंबूला नावं ठेवली. तू बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्यामुळं भिजले म्हणू?"

"म्हणायचंस."

"आणि मग तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे."

मलाही माहीत होतं. मी विषय वळवला नाही. "यंदा काय करणार होतीस?"

"गोल मिळाला तर गोल."

"आणि निमुळताच घ्यायला लागला तर?"

तिनं गॅस पुन्हा पेटवला. दूध नासलं की काय असं उगाच पातेल्यात बघत राहिली. मला उत्तर मिळालं. माझी मुलगी एवढं सगळं होऊनसुद्धा पुन्हा तंबू आडवा लावणार होती. तिचा जीव मी माझ्या एका शब्दाला बांधून ठेवला होता, आणि गाठ कुणाच्या हातात होती, तर माझ्याच.

आमच्यात व्रत घेतलं की ते मधेच टाकून देता येत नाही. त्याचं उद्यापन करावं लागतं. देवापुढं बसायचं, पाणी सोडायचं, कुणाला तरी जेवू घालायचं. मी सोळा सोमवारांचं केलं, एकादश्यांचं केलं. पण दुसऱ्याकडून घेतलेल्या शब्दाचं उद्यापन कसं करतात, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मंगळवारी सकाळी आंघोळ करून मी ताम्हन घेतलं, मेघाला समोर बसवलं आणि पळीनं तळहातावर पाणी घेऊन म्हटलं, "दक्षिणेचा जो शब्द मी तुझ्याकडून घेतला, तो आज देवाच्या साक्षीनं तुला परत देते." पाणी ताम्हनात सोडलं. तिच्यासाठी पुरण घातलं होतं, ते वाढलं.

तिनं ताटाला हात लावला नाही.

"आई, हे तू मला जायचंय म्हणून केलंस, का तुला खरंच पटलंय?"

"दोन्ही."

"खोटं बोलू नकोस. तुला जमत नाही." तिचा आवाज वाढला नव्हता, तो माझ्यावर गेलाय. "मी वर पाय दक्षिणेला करून पडले, आणि इथं तू पाच दिवस न जेवता माळ ओढत बसलीस, हे मला तिथं दिसणार नाही का? मला झोपच लागायची नाही. मग मी उठून तंबू फिरवीन. मला माझीच खात्री नाही गं."

ती म्हणाली ते अगदी खरं होतं. पाणी ताम्हनात पडलं होतं, माझ्या पोटातली भीती होती तिथंच होती.

गुरुवारी मी पुन्हा शहागंजला गेले आणि निमुळता तंबू मागितला. कडुबांनी काही विचारलं नाही. कापडाच्या घडीत दोन दोऱ्या जास्तीच्या ठेवल्या. "ह्या वाऱ्याच्या अंगाला बांधा," एवढंच म्हणाले.

रविवारी दुपारी आभाळ काळंनिळं झालं. वारा असा सुटला की शेजारच्या गच्चीवरचे कपडे आमच्या गच्चीवर आले. मी मेघाला म्हटलं, "तंबू वर घे. लावून दाखव."

"आत्ता? भिजशील."

"त्यासाठीच तर."

गच्चीवर खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून तिनं दोऱ्या मोगऱ्याच्या आणि कोरफडीच्या कुंड्यांना बांधल्या. फोनमधलं होकायंत्र बघितलं. वारा नैऋत्येचा होता. तिनं निमुळतं टोक तिकडं केलं, मग आणखी थोडं सरकवून नेमकं दक्षिणेला आणलं. "पठारावर असा लागेल," ती म्हणाली आणि माझ्याकडं न बघता दुसरी दोरी आवळायला गेली.

मी चपला काढल्या, लुगड्याचा सोगा धरला आणि आत सरकले.

"आई! काय करतेस?"

"झोपून बघते."

आत जेमतेम एक माणूस मावत होता. गुडघे टेकवत वळले, पाठीवर आडवी झाले. पाय निमुळत्या भागात सरकवले तशी कापडाची उतरती बाजू बोटांना लागली. पाय दक्षिणेला. माझं वय छप्पन्न. उभ्या आयुष्यात मी असं झोपले नव्हते. तोंडानं जप सुरू झाला तो आपोआप, आणि छाती इतकी धडधडत होती की जप मलाच ऐकू येईना. वाऱ्याचा लोट आला, कापड थरथरलं, काडी किंचित झुकली आणि पुन्हा जागेवर आली. मग पाऊस. डोक्यावर एवढ्या जवळ पाऊस मी कधी ऐकला नव्हता. आत एक थेंब येत नव्हता.

मेघा बाहेर होती. दिसत नव्हती, तिच्या सावलीनं कापड एका बाजूला काळसर झालं होतं. कदाचित दिसत नव्हती म्हणूनच मला बोलता आलं.

"मेघा, पलंगामुळं नाही."

"काय?"

"बाबा. पलंगामुळं गेले नाहीत." मला मोठ्यानं बोलायची सवय नाही, पण त्या पावसात बोलावं लागलं. "संध्याकाळी मी पोथीला बसले होते. यांनी आतून हाक मारली, जरा ये गं म्हणून. अध्याय निम्मा झाला होता. मधे बोलत नाहीत, उठत नाहीत. मी नुसतं बोट वर केलं, थांबा म्हणून. त्यांना ते दिसलं तरी का, कुणास ठाऊक. अध्याय संपवून आत गेले, तर पलंग फिरवून हे झोपले होते. मला वाटलं, पलंग ओढायलाच बोलावत होते. दिशा तेव्हा ध्यानातही आली नाही. पांघरूण घातलं आणि दिवा मालवला."

मी तशीच पुढं बोलत राहिले.

"सकाळपासून मला दिशाच दिसत राहिली. दिशेचं एक बरं असतं, तिला कुणी जाब विचारत नाही. आणि मग तुझ्याकडून शब्द घेतला."

"हाक मोठ्यानं मारली होती का?" मेघानं विचारलं.

"नाही. रोजच्यासारखीच."

"मग तुला कसं कळणार होतं?"

"कळलं नसतंच. पण मी उठून आत गेले असते."

ती उठल्याचं सावलीवरून कळलं. पायाकडच्या बाजूला आली, तिथं ओल्यात तशीच खाली बसली. मग माझ्या तळव्यांना बाहेरून कापडासकट तिचे दोन्ही हात लागले. गार होते. तिनं ते काढले नाहीत. मी रडले असेन. पावसाच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं, किंवा गेलंही असेल.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी परवा पहाटे निघते. हाच नेते. असाच लावते."

"लाव."

"तू जेवशील?"

"दोन्ही वेळा नाही सांगत. चातुर्मासात मी एकदाच जेवते. पण ते जेवेन."

"फोन करून विचारणारे मी."

"विचार."

पाऊस आडवा झाला. काडी पुन्हा झुकली, पुन्हा सरळ झाली. माझी छाती आता तेवढी धडधडत नव्हती; भीती गेली असं मी म्हणणार नाही, पण तिला आता पाय पसरायला जागा नव्हती, तंबूच लहान होता. खाली कुणाच्या तरी घड्याळात पाचचे ठोके पडले.

"आई, तुझी पोथीची वेळ झाली. चल, धर हात."

"होऊ दे," मी म्हटलं. "ती डावीकडची दोरी बघ आधी. कापड फडफडतंय."